तालुक्यांपासून जिल्हा: पायथन आणि पोस्टजीआयएसमध्ये बहुभुज एकत्र करण्याची सविस्तर रीत

२०११च्या जनगणनेत ठाणे हा एकच जिल्हा होता. १५ तालुके, ९,५५८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि १ कोटी १० लाख ६० हजार १४८ लोकसंख्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. ठाण्याकडे ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड असे सात उरले. आता पाणी, रस्ते, मतदार, पीकपेरा यांतली कुठलीही आजची आकडेवारी २०११शी ताडून पाहायची म्हटली, की जुन्या ठाण्याची सीमा पुन्हा उभी करावी लागते. म्हणजे १५ तालुक्यांचे बहुभुज (नकाशावरच्या सीमेचे बंद आकार) घ्यायचे आणि त्यांचा एक अखंड आकार करायचा.

हे काम करणारी आज्ञा एका ओळीची आहे. पण ती ओळ चालवण्याआधी काय तयारी केली आणि चालवल्यावर काय तपासलं, यावरच नकाशा खरा की खोटा ते ठरतं. चुकीचा जोड बहुतेक वेळा चित्रात दिसत नाही, कारण संगणक कुरकुर न करता काहीतरी आकार काढून देतो. म्हणून या लेखात ती एक ओळ मधे कुठेतरी येईल आणि उरलेली सगळी जागा तिच्या आगेमागे जाईल. उदाहरण शेवटपर्यंत ठाण्याचंच ठेवतो. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत, मधल्या खालच्या रेघेसकट लिहायची.

हत्यारं कोणती

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शेपली आणि जिओपांडाज या लायब्रऱ्या, डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएस आणि नकाशा डोळ्यांनी बघायला क्यूजीआयएस. या चौघांच्या पोटात भूमितीचं इंजिन एकच आहे: सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं जिऑस. जिऑस हे मार्टिन डेव्हिस यांच्या जेटीएस या जावा लायब्ररीवरून उतरलेलं आहे. त्यामुळे एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ तसंच लागू पडतं. आवृत्तीकडे मात्र लक्ष ठेवा. जिऑस ३.९मध्ये, म्हणजे २०२०च्या अखेरीस, बहुभुज जोडण्याची नवी पद्धत आली. तिचं नाव ओव्हरले-एनजी. त्याआधी किरकोळ दोषांवरही ‘टोपॉलॉजी एक्सेप्शन’ म्हणत काम अडायचं. नवी पद्धत आधी नेहमीच्या रीतीने जोडून पाहते, जमलं नाही तर जवळचे बिंदू एकमेकांना चिकटवून पाहते आणि तरीही अडलं तर ठरावीक जाळीवर बसवून काम पूर्ण करते. जुन्या सर्व्हरवर अडणारी स्क्रिप्ट नव्या मशीनवर मुकाट चालते, ती यामुळे. शक्य असेल तर शेपली २ आणि जिओपांडाज १ किंवा त्यापुढच्या आवृत्त्या घ्या.

पायरी १: नेमकी कुठली क्रिया हवी आहे ते ठरवा

आकार एकत्र करण्याच्या चार वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि नवख्यांची सर्वाधिक गफलत इथेच होते.

पहिली, ओळींखाली ओळी जोडणे. पालघरची फाइल आणि ठाण्याची फाइल पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीतल्या कॉन्कॅटने एका तक्त्यात आणली, की १५ ओळी होतात. भूमितीला कुणी हात लावलेला नसतो.

दुसरी, गोळा करणे. पोस्टजीआयएसचं एसटी_कलेक्ट हे करतं. १५ बहुभुज एका मल्टिपॉलिगॉनमध्ये, म्हणजे अनेक भागांच्या एका आकारात, बांधले जातात, पण आतल्या सीमा जशाच्या तशा राहतात. भिवंडी आणि वाडा यांच्या सीमा कुठे एकमेकींवर चढलेल्या असतील, तर तेवढं क्षेत्रफळ दोनदा मोजलं जातं. क्रिया वेगवान आहे, म्हणून लोक तिच्यावर भुलतात.

तिसरी, खरा संयोग. आतल्या सीमा विरघळतात, बाहेरची उरते. शेपलीत युनियन_ऑल, पोस्टजीआयएसमध्ये एसटी_युनियन, जिओपांडाजमध्ये आणि क्यूजीआयएसमध्ये डिझॉल्व्ह. आपल्याला हीच क्रिया हवी आहे.

चौथी क्रिया फसवी. क्यूजीआयएसच्या यादीत ‘युनियन’ नावाचं साधन आहे आणि जिओपांडाजच्या ओव्हरले फंक्शनलाही ‘युनियन’ हा पर्याय देता येतो. हे दोन्ही आकार जोडत नाहीत, उलट तुकडे पाडतात. तालुक्यांचा थर आणि जंगलाचा थर दिला, तर ‘फक्त तालुका’, ‘फक्त जंगल’ आणि ‘दोन्ही’ असे वेगवेगळे तुकडे दोन्हीकडच्या माहितीसह मिळतात. काम मोठं उपयोगी आहे, पण आपलं नाही.

पायरी २: सगळे आकार एकाच निर्देशांक प्रणालीत आणा

शेपलीला पृथ्वी गोल आहे हे माहीतच नसतं. तिच्यासाठी सगळा कागद सपाट. एक फाइल अक्षांश-रेखांशात, म्हणजे ईपीएसजी ४३२६मध्ये (ईपीएसजी हे निर्देशांक प्रणालींचे क्रमांक) असेल आणि दुसरी मीटरमध्ये असेल, तर ती दोन्ही आकार निमूट जोडेल आणि एक तुकडा ठाण्यात, दुसरा विषुववृत्ताजवळच्या समुद्रात असा निकाल देईल. जिओपांडाज निदान इशारा तरी देतं आणि पोस्टजीआयएस तर मिश्र प्रणाली असल्यास सरळ नकार देतं.

ठाण्यासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीचा ४३ उत्तर हा पट्टा घ्या, ईपीएसजी ३२६४३. तो ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांसाठी आहे आणि अख्खं कोकण त्यात बसतं. पूर्ण महाराष्ट्राचं काम असेल, तर मात्र हा पट्टा पुरत नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ७८ अंशांच्या पलीकडे, म्हणजे ४४व्या पट्ट्यात पडतात. तेव्हा क्षेत्रफळ जपणारं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) वापरा. उदाहरणार्थ ईपीएसजी ६९३३.

अंशांत राहून संयोग केला, तर आकार बिघडत नाही. बिघडतं ते क्षेत्रफळ आणि अंतर. ठाण्याच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, तर एक अंश अक्षांश म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर. पुढच्या पायऱ्यांत ‘अर्ध्या मीटरची फट’, ‘दहा सेंटिमीटरची जाळी’ अशी भाषा येणार आहे. अंशांत तिला काही अर्थच राहत नाही, म्हणून मीटरमध्ये या.

जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे छापील भूनकाशांवरून, गिरवलेल्या सीमांबद्दल एक इशारा. त्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, आधारलेल्या असू शकतात. अशा फाइलवर डब्ल्यूजीएस ८४चं (आज जीपीएस वापरतं त्या मापाचं) लेबल चिकटवून भागत नाही. तिचं रीतसर रूपांतर करावं लागतं. लेबल बदलणारं सेट_सीआरएस आणि निर्देशांक खरोखर बदलणारं टू_सीआरएस या दोघांत इथे गल्लत झाली, तर पुढच्या सगळ्या सीमा सरकलेल्या निघतात आणि फटींचं मूळ कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातात.

पायरी ३: प्रत्येक आकार वैध आहे का ते बघा

बहुभुजाची कडा स्वतःलाच छेदत असेल, तर तो अवैध. छोटं उदाहरण हातानेच करून पाहा. (०,०), (२,२), (२,०), (०,२) आणि परत (०,०) असे बिंदू या क्रमाने जोडा. दोन रेषा (१,१)वर एकमेकींना छेदतात आणि समोरासमोर टेकलेले दोन त्रिकोण दिसतात. प्रत्येकाचं क्षेत्रफळ १, म्हणजे एकूण २ हवं. शेपलीला विचारलं, तर उत्तर येतं शून्य. एक त्रिकोण घड्याळाच्या दिशेने फिरतो, दुसरा उलट, म्हणून बेरजेत दोघे एकमेकांना खाऊन टाकतात.

हा आकार मेक_व्हॅलिडला दिला, की दोन त्रिकोणांचा मल्टिपॉलिगॉन मिळतो, क्षेत्रफळ २. पण इंटरनेटवर जागोजागी सांगितलेली जुनी युक्ती, म्हणजे शून्य अंतराचा बफर (बफर म्हणजे आकार ठरावीक अंतराने फुगवणं किंवा आकसवणं), वापरली तर बहुधा एकच त्रिकोण हाती येतो. दुसरा गायब, आणि कुठला संदेशही नाही. तालुक्याच्या सीमेत अशी गाठ एका टोकाला असेल, तर काही चौरस मीटर जातील. मधोमध असेल, तर अर्धा तालुका जाईल. शून्य बफरची सवय मोडावी असं मला मनापासून वाटतं. मेक_व्हॅलिड आता सगळीकडे उपलब्ध आहे.

क्रम असा ठेवा. आधी इज_व्हॅलिडने सदोष ओळी वेगळ्या काढा. मग एक्सप्लेन_व्हॅलिडिटी चालवा. ते दोषाचं कारण आणि जागेचे निर्देशांक दोन्ही सांगतं. पोस्टजीआयएसमध्ये यासाठी एसटी_इजव्हॅलिडरीझन आहे. ती जागा क्यूजीआयएसमध्ये उघडून डोळ्यांनी बघा. दोष मोजकेच असतील, तर हाताने दुरुस्त करणं सर्वांत चांगलं, कारण सीमा कुठे असायला हवी हे माणसाला कळतं, फंक्शनला नाही. शेकडो असतील तर मेक_व्हॅलिड चालवा आणि दुरुस्तीच्या आधीचं व नंतरचं क्षेत्रफळ ओळीओळीने ताडून पाहा. फरक एक टक्क्याच्या वर गेला, तर तो आकार पुन्हा डोळ्यांखालून घाला.

मेक_व्हॅलिडच्या निकालात कधीकधी बहुभुजाबरोबर एखादी सुटी रेषा किंवा बिंदूही येतो आणि प्रकार ‘जिऑमेट्री कलेक्शन’ होतो. त्यातून फक्त बहुभुज निवडून घ्या. नाहीतर साठवताना फाइल नाकारली जाईल.

पायरी ४: फटी आणि चढ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

शेजारच्या दोन तालुक्यांची सामाईक सीमा दोघांच्या फाइलमध्ये अगदी त्याच बिंदूंनी लिहिलेली असेल, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात शहापूरची सीमा एकाने गिरवलेली असते, वाड्याची दुसऱ्याने. कुठे दोन सीमांमध्ये केसाएवढी फट राहते, कुठे एक दुसरीवर चढते. चढलेला भाग संयोगात आपोआप मिटतो. फट मात्र मिटत नाही, ती जिल्ह्याच्या पोटात लांबट भोक म्हणून राहते. जिल्ह्याचा नकाशा पडद्यावर बघताना ते दिसत नाही. दिसतं तेव्हा सीमारेषा जाड केल्यावर जिल्ह्याच्या आत कुठेतरी तुटक रेघ उमटते आणि त्या फटीत पडणारी विहीर किंवा शाळा कुठल्याच जिल्ह्यात मोजली जात नाही.

फटी शोधायची सोपी वाट म्हणजे आधी एकदा कच्चा संयोग करून त्यातली आतली वलयं मोजणं. शेपलीत प्रत्येक बहुभुजाच्या इंटिरिअर्समध्ये ती मिळतात. जुन्या ठाण्याच्या आत दुसऱ्या जिल्ह्याचं बेट नाही, म्हणून हा आकडा शून्य यायला हवा. चाळीस आला, तर चाळीस फटी.

पण भोक दिसलं की बुजव, असं करू नका. काही भोकं खरी असतात. पालघरच्या उत्तर सीमेला लागूनच नगर हवेली आहे. तिच्या पोटात मघवाल हे गुजरातचं गाव आहे आणि वायव्येला दादरा चारही बाजूंनी गुजरातने वेढलेलं आहे. म्हणजे गुजरातच्या बहुभुजात दादराचं भोक हवंच आणि नगर हवेलीच्या बहुभुजात मघवालचं. सरसकट भोकं बुजवणारी स्क्रिप्ट इथे चालवली, तर एका राज्याची जमीन दुसऱ्याच्या खात्यावर जाते.

खरं भोक आणि फट यांत भेद करायला क्षेत्रफळ पुरेसं नसतं. आकाराचा सडपातळपणा बघा. भोकाच्या क्षेत्रफळाला ४π ने (π म्हणजे सुमारे ३.१४) गुणा आणि परिघाच्या वर्गाने भागा. वर्तुळासाठी उत्तर १ येतं, चौरसासाठी सुमारे ०.७९. आता दोन किलोमीटर लांब आणि एक मीटर रुंद फट घ्या. क्षेत्रफळ २,००० चौरस मीटर, परिघ ४,००२ मीटर, उत्तर सुमारे ०.००१६. तेवढ्याच क्षेत्रफळाचं चौकोनी भोक असेल, तर ०.७९. दोघांचं क्षेत्रफळ सारखं, पण गुणोत्तरात जवळजवळ पाचशे पटींचा फरक. ०.०५च्या खालचं भोक बहुधा फट असते, ०.३च्या वरचं बहुधा खरं असतं आणि मधली डोळ्यांनी बघायची. हे आकडे माझ्या कामातले आहेत, तुमच्या माहितीवर ते आधी पारखून घ्या.

फटी मिटवायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, सगळे बिंदू एका ठरावीक जाळीवर बसवणं. शेपलीत सेट_प्रिसिजन, पोस्टजीआयएसमध्ये एसटी_रिड्यूसप्रिसिजन. युनियन_ऑललाही ग्रिड_साइज देता येतो. जाळीचं माप प्रणालीच्या एककात असतं. मीटरमध्ये ०.१ म्हणजे दहा सेंटिमीटर, पण अंशांत ०.१ म्हणजे दहा-अकरा किलोमीटर आणि तालुक्याचा चुराडा. माप किती घ्यावं? मूळ नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असेल, तर कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची चूक जमिनीवर २५ मीटर होते. अशा सीमेला दहा सेंटिमीटरच काय, एक मीटरची जाळी लावली तरी काही हरवत नाही. निर्देशांकात दशांश चिन्हापुढे पंधरा अंक दिसतात, म्हणून ती सीमा तेवढी अचूक ठरत नाही.

जाळी केसाएवढ्या फटींना पुरते. तीन मीटरची फट तिच्याने मिटत नाही. तिथे दुसरा मार्ग: संयोगाला थोडा बाहेर बफर आणि लगेच तेवढाच आत बफर. फट तीन मीटरची असेल, तर अंतर दोन मीटर पुरे. कोपरे गोल होऊ नयेत म्हणून जोडाचा प्रकार ‘मायटर’, म्हणजे टोकदार, ठेवा. ही युक्ती खाडीकाठच्या जिल्ह्यात जपून वापरा. अंतर वाढवत नेलं, की फटीबरोबर खाडीचे अरुंद फाटेही बुजतात, आणि वसई-ठाण्याच्या किनाऱ्याला असे फाटे पुष्कळ आहेत.

तिसरा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. शोधलेली प्रत्येक फट वेगळा बहुभुज म्हणून काढायची आणि ज्या तालुक्याशी तिची सर्वांत लांब सीमा लागते, त्याला ती जोडून द्यायची. बाहेरच्या किनाऱ्याला धक्का लागत नाही आणि कुठली फट कुणाकडे गेली याची नोंदही राहते. क्यूजीआयएसमध्ये ‘एलिमिनेट सिलेक्टेड पॉलिगॉन्स’ हे साधन हेच करतं.

कुठलाही मार्ग घेतलात, तरी तो महाराष्ट्राच्या पूर्ण थरावर एकदम चालवा, फक्त या १५ तालुक्यांवर नको. ठाणे-पालघर स्वच्छ करून जोडले आणि नाशिक, पुणे, रायगड, अहिल्यानगर तसेच ठेवले, तर जुन्या ठाण्याच्या बाहेरच्या सीमेवर नव्या फटी तयार होतात.

पायरी ५: गट कशावर पाडायचे

डिझॉल्व्ह एका रकान्यातल्या मूल्यावर गट पाडतं. तो रकाना जिल्ह्याच्या नावाचा ठेवू नका.

नावं बदलतात. २०२३मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०११च्या फाइलमध्ये जुनी नावं, नव्या फाइलमध्ये नवी. दोन्ही जोडून डिझॉल्व्ह केलं, की एका जिल्ह्याचे दोन.

देवनागरीत आणखी एक खोच आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत ती सापडणार नाही. साताऱ्यातला कऱ्हाड तालुका घ्या. त्यातला ‘ऱ’ एका युनिकोड चिन्हाने लिहिता येतो, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो आणि जुन्या कळफलकांवरून आलेल्या मजकुरात ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरी रीतही सापडते. पडद्यावर तिन्ही सारखी, पायथनला तिन्ही वेगळी. पहिल्या दोन युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराच्या वेगळ्या रूपांना एक करणाऱ्या क्रियेने) एक होतात. तिसरी होत नाही, तिच्यासाठी बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो.

म्हणून सांकेतांक वापरा. जनगणनेचे सांकेतांक आहेत (२०११मध्ये महाराष्ट्राचा २७, ठाण्याचा ५१७) आणि पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे वेगळे आहेत. दोन्हींची सरमिसळ करू नका. सांकेतांकाचा रकाना वाचताना तो मजकूर म्हणूनच वाचा. अंक म्हणून वाचला, की जम्मू-काश्मीरचं ‘०१’ नुसतं ‘१’ होतं आणि पुढची जुळणी फसते.

जुन्या ठाण्यासाठी नवा रकाना तयार करा, जिल्हा_२०११. वर दिलेल्या १५ तालुक्यांना त्यात ५१७ भरा, बाकीच्यांना त्यांचे आकडे. पालघर पूर्ण तालुक्यांनीच बनला, म्हणून हे इतक्या सरळ जमतं. तालुका फुटला असता, तर गावांच्या पातळीवर उतरावं लागलं असतं.

रिकाम्या मूल्यांकडे लक्ष द्या. जिओपांडाजचं डिझॉल्व्ह गटाचा रकाना रिकामा असलेली ओळ मूळ सेटिंगनुसार टाकूनच देतं. एका तालुक्याचा सांकेतांक भरायचा राहिला, तर तो तालुका नकाशातून नाहीसा. ड्रॉपएनए या पर्यायाला ‘फॉल्स’ द्या, म्हणजे तो वेगळा गट होऊन नजरेस येईल. पोस्टजीआयएसचं ग्रुप बाय मात्र रिकाम्यांचा स्वतंत्र गट आपणहून करतं.

पायरी ६: जोडा

आली ती ओळ. डिझॉल्व्हला ‘बाय’मध्ये जिल्हा_२०११ द्या. पोस्टजीआयएसमध्ये एसटी_युनियन आणि ग्रुप बाय. ३.१ आवृत्तीपासून एसटी_युनियनला जाळीचं मापही देता येतं.

पायथनमध्ये फॉर लूप लावून आकार एकात एक मिळवत जाऊ नका. पंधरा तालुक्यांना फरक पडणार नाही. पण महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत, आणि लूपमध्ये दर फेरीला वाढत चाललेला अगडबंब बहुभुज पुन्हा पहिल्यापासून तपासला जातो. युनियन_ऑल आधी जवळजवळचे आकार एकमेकांत मिळवतं, मग त्यांचे गट एकमेकांत, असं वर चढत जातं. आतल्या सीमा खालीच विरघळतात आणि वर जाताना बिंदू कमी होत जातात.

माहिती खरोखर स्वच्छ असेल, तर डिझॉल्व्हच्या मेथडमध्ये ‘कव्हरेज’ हा पर्याय देऊन पाहा. तो छेदबिंदू शोधतच नाही, दोन शेजाऱ्यांत तंतोतंत सारखी असलेली कड फक्त काढून टाकतो. वेग थक्क करणारा आहे. माहितीत चढ किंवा फट असेल, तर मात्र तो तक्रार न करता चुकीचा आकार देतो. म्हणून आधी शेपली २.१मधलं कव्हरेज_इज_व्हॅलिड, त्याच्या गॅप_विड्थमध्ये फटीचं माप देऊन, चालवा आणि उत्तर ‘ट्रू’ आलं, तरच हा रस्ता धरा.

सीमा हलकी करायची, म्हणजे बिंदू कमी करायचे असतील, तर ते जोडल्यानंतर करा. आधी एकेका तालुक्यावर सिम्प्लिफाय चालवलं, तर प्रत्येकाची सामाईक सीमा वेगळ्या ठिकाणी मोडते आणि चौथ्या पायरीतली सगळी मेहनत पाण्यात जाते.

निकाल मल्टिपॉलिगॉन आला, तर बिचकू नका. वसईजवळचं अर्नाळ्याचं बेट मुख्य भूमीला चिकटलेलं नाही, म्हणून ते वेगळा भाग म्हणूनच येणार. २६ जानेवारी २०२०ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. त्याचा संयोग कितीही नीट केला, तरी दीव, दमण, दादरा, नगर हवेली वेगवेगळेच राहतील. पॉलिगॉन अपेक्षित धरून लिहिलेला पुढचा कोड इथे मोडतो, म्हणून सुरुवातीपासून सगळं मल्टिपॉलिगॉन म्हणून हाताळा.

नद्या आणि रस्ते यांचा हिशोब वेगळा. रेषांवर युनियन_ऑल चालवलं, की त्या जुळण्याऐवजी प्रत्येक छेदाशी तुटतात. तुकडे सलग करायला त्यानंतर लाइन_मर्ज लागतं, आणि तेही तीन रेषा मिळतात त्या संगमावर थांबतं.

पायरी ७: आकडे कसे मिळवायचे

भूमितीबरोबर रकानेही एकत्र होतात, आणि जिओपांडाजचं मूळ सेटिंग आहे ‘फर्स्ट’. म्हणजे गटातल्या पहिल्या ओळीचं मूल्य उचलायचं. काही सांगितलं नाही, तर अख्ख्या ठाण्याची लोकसंख्या एकट्या अंबरनाथची येईल. डिझॉल्व्हच्या एगफंक या पर्यायाला प्रत्येक रकान्याचा नियम स्वतंत्र द्या.

लोकसंख्या, घरं, शाळा यांची बेरीज चालते. घनतेची बेरीज चालत नाही आणि सरासरीही नाही. समजा, एक तालुका १०० चौरस किलोमीटरचा, लोक २० लाख. दुसरा ९०० चौरस किलोमीटरचा, लोक १ लाख. घनता २०,००० आणि १११. त्यांची सरासरी १०,००० च्या वर जाते. खरी घनता २१ लाख भागिले १,०००, म्हणजे २,१००. उल्हासनगर आणि मोखाडा एकाच गटात असणाऱ्या जिल्ह्यात ही चूक भयंकर मोठी होते. घनता, साक्षरता, लिंगगुणोत्तर असं काहीही गुणोत्तर असेल, तर अंश आणि छेद यांची वेगवेगळी बेरीज करून शेवटी भागाकार करा. जुन्या ठाण्यासाठी १,१०,६०,१४८ भागिले ९,५५८, म्हणजे १,१५७. जनगणनेतही हाच आकडा आहे.

पायरी ८: तपासा

१५ तालुक्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज आणि संयोगाचं क्षेत्रफळ शेजारी ठेवा. संयोग बेरजेपेक्षा जेवढा कमी, तेवढे चढ होते. कच्च्या संयोगात तो बेरजेपेक्षा जास्त येऊच शकत नाही. फटी बुजवल्यानंतर जास्त आला, तर तो फरक फटींच्या क्षेत्रफळाइतकाच आहे का ते बघा.

मग ९,५५८शी ताडा. आज सरकारी नोंदींत ठाण्याचं ४,२१४ आणि पालघरचं ५,३४४ आहे, बेरीज बरोबर ९,५५८. नकाशावरून काढलेलं क्षेत्रफळ याच्याशी तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नका, खाडी आणि किनारा कुठे धरला यावर फरक पडतो. थोडी तफावत समजण्यासारखी आहे, पण शेकडो चौरस किलोमीटरची असेल तर एखादा तालुका सुटला आहे किंवा दोनदा आला आहे.

प्रत्येक तालुक्याचा रिप्रेझेंटेटिव्ह_पॉइंट (नक्की आकाराच्या आतच पडणारा बिंदू) काढा आणि पंधराही बिंदू नव्या आकारात आहेत ना ते बघा. मध्यबिंदू वापरू नका, वाकड्या तालुक्याचा मध्यबिंदू त्याच्या बाहेरही पडू शकतो. भागांची संख्या, आतल्या वलयांची संख्या आणि वैधता पुन्हा एकदा मोजा.

२०११ची तयार जिल्हासीमा हाती असेल, तर तिचा आणि तुमच्या आकाराचा सिमेट्रिक_डिफरन्स काढा. दोघांत न जुळणारा भाग तेवढा समोर येतो. सीमेलगत बारीक दोरे दिसले, तर ते गिरवण्यातले फरक आहेत. भरीव तुकडा दिसला, तर पाचव्या पायरीकडे परत जा.

पायरी ९: साठवा

शेपफाइल हा जुना फाइलप्रकार टाळा. तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं आणि देवनागरी मजकुराचं एन्कोडिंग वेगळ्या फाइलवर अवलंबून असतं. ती फाइल हरवली, की नावांच्या जागी चौकोन. जिओपॅकेज घ्या. वेबसाठी जिओजेसन हवं असेल, तर परत अंशांत जा आणि दशांश चिन्हापुढे सहा अंक ठेवा. सहावा अंक म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर, तालुक्याच्या सीमेला याहून जास्त लागत नाही.

मूळ फाइल कुठली, कोणत्या वर्षाची, जाळी किती मीटरची, कुठल्या फटी कुणाला दिल्या हे सगळं त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. अंक कापताना एखादी कड दुसरीवर चढून आकार पुन्हा अवैध होऊ शकतो, म्हणून साठवलेली फाइल नव्याने उघडा, ३२६४३मध्ये आणा आणि आठव्या पायरीतल्या तपासण्या तिच्यावरच चालवा. स्मृतीतल्या आकारावर नव्हे, कारण पुढे वापरली जाणार आहे ती ही फाइल.